हॉर्सपॉवर नंतर बघू, आधी उतार किती ते सांगा

पत्र थोडक्यात असं: पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्येला डोंगराळ भागात या वाचक ताईंनी आणि त्यांच्या मिस्टरांनी दोन वर्षांपूर्वी 19 एकर जागा आणि घर घेतलं. जुनी सफरचंदाची झाडं आहेत, मागे जंगल आहे, घरात लाकडाचा स्टोव्ह आहे, आणि रस्त्यापासून घरापर्यंत साधारण 700 फुटांचा चढाचा ड्राइव्हवे. मिस्टर महिन्यातले निम्मे दिवस कामानिमित्त बाहेर, त्यामुळे बर्फ, लाकूड, फवारणी सगळं ताईच बघतात. आता युटिलिटी एटीव्ही (हँडलने चालवायची, जाड टायरची चारचाकी कामाची गाडी) घ्यायची आहे, बजेट सगळं मिळून 12 हजार डॉलर. त्यांनी पाच मशीनांची एक्सेल शीट केलीय: होंडा फोरमन, यामाहा कोडियाक 700, पोलारिस स्पोर्ट्समन 570, कॅन-अॅम आउटलँडर 700, सुझुकी किंगक्वाड 500. मिस्टर म्हणतात सगळ्यात पॉवरफुल घे. सासरे तासगावचे, आयुष्यभर द्राक्षबाग केलेली, वर्षातले सहा महिने इकडे असतात, ते म्हणतात हे खेळणं कशाला, एक छोटा ट्रॅक्टर बघा. 13 वर्षांच्या मुलाला अर्थात चालवायची आहे. पोलारिसचा डीलर 15 मिनिटांवर, होंडा आणि यामाहा दोन्ही ठेवणारा 50 मिनिटांवर. प्रश्न असा की "परफॉर्मन्स चांगला आणि 15 वर्षं टिकेल अशी कुठली? कृपया एकच नाव सांगा."

ताई, नाव सांगणार आहे, घाबरू नका, पण आधी तुमच्या शीटबद्दल बोलू कारण ती बघूनच मला तुमचा खरा प्रॉब्लेम कळला. तुम्ही हॉर्सपॉवरचा कॉलम केलाय, त्यात पोलारिसपुढे 44 आणि कॅन-अॅमपुढे 50 लिहिलंय आणि होंडा, यामाहापुढे प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह तुमच्या शोधण्यातली कमी नाही, होंडा आणि यामाहा त्यांच्या युटिलिटी एटीव्हींचा हॉर्सपॉवरचा आकडा मिरवतच नाहीत. आणि खरं सांगायचं तर तुमच्या कामाला तो कॉलमच नको. तुम्ही ताशी 50 मैलांनी कुठे जाणार नाही आहात, तुम्ही पाच मैलांच्या वेगाने ओंडके घेऊन उतारावरून खाली येणार आहात आणि पहाटे साडेपाचला ओला बर्फ ढकलत वर जाणार आहात. या पाचातलं कुठलंही मशीन तेवढी ताकद सहज देतं. पॉवर कमी पडली म्हणून एटीव्ही बदलली असं सांगणारं गिऱ्हाईक मी पार्ट्सच्या काउंटरमागे उभा राहून क्वचितच बघितलंय. बेल्ट जळला, बेअरिंग गेलं, बॅटरी मेली, उंदरांनी वायर खाल्ली, हे रोजचं.

मग परफॉर्मन्स म्हणजे काय बघायचं? तुमच्या बाबतीत मला तीनच गोष्टी दिसतात: उतारावर मशीन स्वतःला कसं धरतं, पुढे-मागे पुढे-मागे करताना कसं वागतं, आणि वजन.

वजनापासून सुरू करतो कारण इथे जवळजवळ सगळे फसतात. पत्रात तुम्ही लिहिलंय की ट्रेलरला अर्धा कॉर्ड लाकूड एका खेपेत आणता आलं पाहिजे. कॉर्ड म्हणजे 128 घनफूट, सुकलेल्या ओकचा एक कॉर्ड साडेतीन हजार पौंडांच्या पुढेमागे जातो, ओला असेल तर त्याहून बराच जास्त. म्हणजे अर्धा कॉर्ड झाला साधारण पावणेदोन हजार पौंड, वर ट्रेलरचं स्वतःचं वजन. फोरमन आणि कोडियाक दोघांची ओढायची मर्यादा 1,322 पौंड, म्हणजे बरोब्बर 600 किलो. कॅन-अॅमच्या नव्या आउटलँडरची 1,830, आणि मला खात्री आहे की मिस्टरांनी याच आकड्याभोवती गोल काढलेला असणार. पण विचार करा, मशीनचं वजन सात-आठशे पौंड, मागे अठराशे पौंडांचा ट्रेलर, त्या ट्रेलरला ब्रेक नाहीत, आणि तुम्ही ओल्या पानांवरून उतरताय. तिथे इंजिन किती ताकदीचं आहे याने काहीच फरक पडत नाही, मागचं वजन तुम्हाला ढकलत नेतं, ट्रेलर आडवा होतो आणि मशीनला सोबत घेऊन जातो. मॅन्युअलमध्ये जी मर्यादा असते ती मुळात सपाट जमिनीची, उतारावर ती कमी करायची असते. तेव्हा पाव कॉर्डच्याही जरा खाली भरा आणि दोन खेपा जास्त मारा. एकदा हे मान्य केलं की 1,830 चं आकर्षण आपोआप गळून पडतं, कारण तुमच्या टेकडीवर तो आकडा वापरताच येणार नाहीये.

तसंच फवारणीचं. तुम्ही 25 गॅलनची टाकी मागच्या रॅकवर लावायचं म्हणताय. पाणी गॅलनला सव्वाआठ पौंडांच्या वर, म्हणजे नुसतं पाणीच 200 पौंडांच्या पुढे गेलं, टाकी आणि पंप वेगळा. या वर्गातल्या बहुतेक मशीनांच्या मागच्या रॅकची मर्यादा 200 च्या आत आहे. शिवाय अर्धी रिकामी झालेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, पाणी आडव्या उतारावर एका बाजूला जाऊन बसतं आणि सगळं वजन उंचावर. एकतर 15 गॅलनची घ्या नाहीतर चाकांवरची, मागे ओढायची घ्या. तुमच्या सासऱ्यांना विचारा, बागेत ब्लोअर वळवताना टाकी कशी खेळते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार.

आता गिअरबॉक्स. माझ्या मते टिकाऊपणाचा आणि परफॉर्मन्सचा अर्धाअधिक निकाल इथे लागतो आणि तुमच्या 14 कॉलमांत याला एकही कॉलम नाही!

पोलारिस आणि कॅन-अॅम बनवणारी बीआरपी, या दोन्ही कंपन्या मूळच्या स्नोमोबिलवाल्या, एक मिनेसोटाची आणि एक क्यूबेकची, त्यामुळे रबरी बेल्टवर चालणारी सीव्हीटी हा त्यांचा घरचा प्रकार. होंडा मोटरसायकलवाली, म्हणून फोरमनमध्ये साधे दाती गिअर. बेल्टवाली सीव्हीटी तुम्हाला अनोळखी नाही, कायनेटिक होंडापासून अॅक्टिव्हापर्यंत आपण सगळे तीच चालवत आलोय, दोन शंकूसारख्या चकत्या जवळ-लांब होतात आणि मधला बेल्ट वर-खाली सरकून गिअर बदलल्याचं काम करतो. फरक एवढाच की अॅक्टिव्हावर कोणी ओंडके ओढत नाही. बेल्ट हा झिजायचाच भाग आहे, तो बदलावा लागला म्हणजे मशीन खराब असं नाही, शे-दीडशे डॉलरचा बेल्ट आणि हाताला सवय झाली की तासाभराचं काम. पण बेल्ट जळतो तो शक्यतो चालवणाऱ्यामुळे. एटीव्हीला हाय आणि लो अशा दोन रेंज असतात, लोक आळशीपणा करून हायमध्येच बर्फ ढकलतात, इंजिन फिरतंय, मशीन जेमतेम सरकतंय, बेल्ट चकत्यांवर घसरतोय, आणि मग रबर जळाल्याचा वास. बर्फ, ओझं, चढ यातलं काहीही असेल तर लो. हा एक नियम पाळलात तर बेल्टवाल्या मशीनबद्दल तुम्ही वाचलेल्या निम्म्या तक्रारी तुमच्या वाट्याला येणार नाहीत.

यामाहाची गोष्ट जरा वेगळी, बेल्ट तिथेही आहे पण तो कायम ताणलेला राहतो आणि पुढे एक वेगळा क्लच असतो, त्यामुळे बेल्टवरचा जाच कमी होतो, आणि थ्रॉटल सोडला की इंजिन ब्रेकिंग, म्हणजे इंजिननेच वेग धरून ठेवणं, चारही चाकांना मिळतं. तुमच्या उतारावर या गोष्टीला सोन्याची किंमत आहे. होंडात गिअर असल्यामुळे इंजिन ब्रेकिंग मुळातच आहे. इतर ब्रँडमध्ये इंजिन ब्रेकिंग किती आणि कसं हे मॉडेलप्रमाणे, ट्रिमप्रमाणे (एकाच मॉडेलचे कमी-जास्त सोयींचे प्रकार) बदलतं, त्यामुळे डीलरला "या नेमक्या ट्रिममध्ये आहे का आणि कसं चालतं" असं विचारा, "पोलारिसमध्ये असतं का" असं नको.

मग फोरमनच घ्या असं म्हणावंसं वाटतं ना? थांबा. साध्या फोरमनमध्ये पायाने गिअर बदलायचे असतात आणि रिव्हर्स टाकायला आधी न्यूट्रल, मग हाताने एक बटण दाबून पायाने खाली. एकदोनदा करायला काही नाही. पण 700 फुटांचा ड्राइव्हवे साफ करताना, विशेषतः घरापुढे गाडी वळवायच्या जागी, तुम्ही पुढे-मागे किती वेळा कराल? आणि तेही जाड ग्लोव्ह्ज आणि स्नो बूट घालून, ज्या बुटाचं टोक गिअरच्या लिव्हरखाली धड जात नाही. म्हणून माझी विनंती आहे की शोरूमला जाताना उन्हाळा असला तरी ते बूट आणि ग्लोव्ह्ज घेऊन जा, लोक हसले तर हसू दे, मशीनवर बसा आणि पुढे-रिव्हर्स-पुढे-रिव्हर्स असं वीसेक वेळा करून बघा. शीटमधल्या 14 कॉलमांनी जे कळलं नाही ते पाच मिनिटांत कळेल. होंडात बटणाने गिअर बदलणारी फोरमन आहे, आणि तेच 518 सीसी इंजिन असलेली रूबिकॉन ऑटोमॅटिक ड्युअल क्लचमध्ये येते, ती चालवायला मस्त पण किंमत वर जाते, आणि वॉरंटी संपल्यावर त्या गिअरबॉक्सला काही झालं तर ते घरी उघडायचं काम नाही. (जुनी रूबिकॉन शोधत असाल तर एक लक्षात ठेवा, 2015 च्या आधीच्या रूबिकॉनमध्ये पूर्ण वेगळा, हायड्रोस्टॅटिक गिअरबॉक्स होता, नाव एकच असलं तरी ते वेगळं मशीन समजा.)

आता "15 वर्षं टिकेल" याकडे येतो. तुमच्या पत्रात एक समज आहे की टिकाऊपणा कंपनीच्या नावासोबत येतो, म्हणून "होंडा म्हणजे होंडा" असं तुम्हाला तिघांनी सांगितलं. त्यात तथ्य नाही असं नाही. पण ते नाव कुठून आलं बघा: 1988 ते 2000 या काळातली फोरट्रॅक्स 300, हवेवर थंड होणारी, कार्ब्युरेटरवाली, पायाने गिअर टाकायची, अजूनही शेतांवर चालताना दिसते. ती दिसते कारण ती खरंच दणकट होती, आणि ती दिसते कारण ज्या टिकल्या नाहीत त्या भंगारात गेल्या, त्या कोणाला दिसणार? आणि आजच्या फ्युएल इंजेक्शन, पॉवर स्टिअरिंग, कधी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाल्या मशीनला ती पुण्याई किती लागू होते हे आपलं आपण ठरवायचं. मी होंडाच्या विरोधात नाही हो, फक्त आजोबांच्या तब्येतीवरून नातवाचा विमा काढू नका एवढंच.

दुसरं म्हणजे तुमचा वापर. बर्फ, लाकूड, फवारणी, कुंपण बघणं, सगळं धरलं तरी वर्षाला शंभरेक तासांच्या पुढे तुम्ही जाल असं मला वाटत नाही. एवढ्या वापराने यातलं कुठलंच इंजिन झिजून मरणार नाही. घरगुती एटीव्ही उभ्या राहून मरतात. ऑगस्ट ते नोव्हेंबर शेडमध्ये पडून राहते, टाकीत इथेनॉलवालं पेट्रोल, ते तीन-चार महिन्यांत शिळं होतं, बॅटरी उतरते, एअरबॉक्समध्ये, म्हणजे हवेच्या फिल्टरच्या डब्यात, उंदीर घर करतो आणि जाता जाता वायरिंगची चव घेतो, आणि पहिल्या बर्फाला तुम्ही बटण दाबता तर नुसतं टक् टक्. हे कुठल्याही ब्रँडमध्ये होतं. उपाय फार साधे आहेत: बॅटरीला छोटा चार्जर कायम लावून ठेवायचा, पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर टाकायचं किंवा मिळत असेल तर इथेनॉल नसलेलं भरायचं, दर काही आठवड्यांनी मशीन काढून चांगलं अर्धा तास चालवायचं, आणि एअरबॉक्सचं झाकण उघडून बघायचं. नुसतं दोन मिनिटं चालू करून बंद करणं मात्र नको, विशेषतः थंडीत, इंजिन पुरेसं तापत नाही आणि पेट्रोल आणि ओलावा ऑइलमध्ये उतरत राहतो. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप "वाढलेली" दिसली तर खूश होऊ नका, ऑइल बदला.

ऑइलवरून आठवलं, होंडात इंजिन आणि क्लचचं ऑइल एकच असतं. गॅरेजमध्ये पडलेलं कारचं ऑइल ओतू नका, कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ असतात आणि त्याने क्लच घसरायला लागतो. डब्यावर जासो एमए (अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघून घ्यायचं. हे न केल्यामुळे "नवीन मशीन दुसऱ्या वर्षी घसरायला लागलं, कंपनीच बेकार" म्हणणारे लोक आहेत.

मागच्या अॅक्सलचा मुद्दा तुमच्या शीटमध्ये आहे पण उलटा लिहिलाय. फोरमनला मागे सरळ, एकसंध अॅक्सल आहे आणि तुम्ही तो वजा गुण धरलाय. बसायला तो हादरे देतो हे खरं, आणि मधला भाग दगडाला लागू शकतो. पण इंडिपेंडंट सस्पेन्शनवाल्या फोर बाय फोर मशीनला चार अर्ध-अॅक्सल, म्हणजे आठ रबरी बूट (अॅक्सलच्या सांध्यांवरची आवरणं) असतात. सरळ अॅक्सलवाल्याला फक्त पुढचे चार. एक बूट काटकीने फाटला, आत चिखल गेला, कोणी बघितलं नाही, की काही आठवड्यांत तो जॉइंट कटकट वाजायला लागतो. त्यामुळे ओझं वाहायला आणि कमी देखभालीला सरळ अॅक्सल चांगला, पाठीला इंडिपेंडंट चांगलं. तुमच्या पत्रात कंबरेच्या दुखण्याचा उल्लेख आहे, म्हणून तुमच्यासाठी मी इंडिपेंडंटकडे झुकतो, फक्त महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन खाली वाकून आठ बूट बघायचे, तेवढं कंबरेने सहन करावं.

डीलर. 15 मिनिटं विरुद्ध 50 मिनिटं, आणि यावरून तुम्ही जवळजवळ पोलारिसवर आला आहात. स्पोर्ट्समन 570 वाईट मशीन नाही, चालवायला या पाचांतली सगळ्यात आरामाची असेल कदाचित, बरीच वर्षं बाजारात आहे त्यामुळे पार्ट्सही भरपूर मिळतात. पण मला सांगा, तुमच्याकडे पिकअप नाही, मोठा ट्रेलर नाही, मग 15 मिनिटांवरच्या डीलरकडे तरी मशीन नेणार कसं? रस्त्यावरून चालवत नेता येणार नाही, कायद्याने सहसा नाहीच आणि ते टायर पाच-सहा पीएसआयवर चालणारे, मऊ मातीसाठी बनवलेले, डांबरावर मशीन विचित्र वागतं. तेव्हा अंतरापेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे: घरी येऊन घेऊन जाता का आणि त्याचे किती घेता, आणि आज सर्व्हिसला टाकलं तर कधी मिळेल? हा दुसरा प्रश्न सेल्समनला विचारू नका, सरळ मागे सर्व्हिस काउंटरला जाऊन विचारा, तेही डिसेंबरच्या बर्फानंतरचं विचारा. 15 मिनिटांवरचा माणूस "पाच आठवडे" म्हणाला आणि 50 मिनिटांवरचा "पुढच्या गुरुवारी" म्हणाला तर जवळचा कोण?

आता ज्यावर मी अडून बसणार आहे ते. मुलगा 13 चा आहे आणि तुम्ही लिहिलंय की "आपल्याच अंगणात, हळू चालवेल". नाही. हे मशीन त्याचं नाही. या आकाराच्या एटीव्ही 16 वर्षांखालच्या मुलांसाठी नाहीत हे मशीनवर चिकटवलेल्या इशाऱ्यावरच असतं, आणि इथली बालरोगतज्ज्ञांची संघटना तर 16 च्या आत एटीव्ही नकोच म्हणते. कारण शिस्तीचं नाही, वजनाचं आहे. एटीव्ही चालवताना वळणावर, चढावर आपलं अंग इकडून तिकडे टाकून तोल सांभाळायचा असतो, आणि साडेसहाशे-सातशे पौंडांच्या मशीनपुढे 90-95 पौंडांचा मुलगा काहीही करू शकत नाही. उलटल्यावर अंगावर पडलेलं मशीन बाजूला सारायलाही तो पुरत नाही. अमेरिकेत तीनचाकी एटीव्हींची विक्री 1988 मध्ये सरकारशी झालेल्या करारानंतर थांबली ती अशाच अपघातांमुळे. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर 2021 पासून शेतीकामाच्या नव्या क्वाड बाइकना (एटीव्हीचं तिकडचं नाव) चालकाला वाचवणारी संरक्षक चौकट असल्याशिवाय विकताच येत नाही, होंडा आणि यामाहाने तिथे त्या मशीन विकणंच सोडून दिलं. (मेलबर्न, सिडनीकडचे वाचक अधूनमधून विचारतात की आमच्याकडे होंडाची क्वाड का मिळत नाही, तर म्हणून.) आणि ताई, उलटायला वेग लागत नाही, आडव्या उतारावर चालण्याच्या वेगातही उलटते. तुम्ही स्वतः हेल्मेट घाला, दहा मिनिटांच्या कामालाही, आणि एटीव्ही सेफ्टी इन्स्टिट्यूटचा कोर्स करा, नवीन मशीनवर बऱ्याच कंपन्या तो फुकट देतात.

आणि आबा? तुम्ही सहज लिहून गेलात की "सासऱ्यांना मागे बसवून बागेत फेरी मारून आणेन". एटीव्हीची लांब सीट ही दुसऱ्या माणसासाठी नसते, चालवणाऱ्याला पुढेमागे सरकता यावं म्हणून असते. दोघांसाठी मुद्दाम बनवलेली मॉडेल्स वेगळी, ती तुमच्या यादीत नाहीत.

इथे मला तुमच्या मूळ प्रश्नावरच शंका येते. तुम्हाला एटीव्हीच हवी आहे का? सासऱ्यांचं म्हणणं तुम्ही एका ओळीत उडवून लावलंय, पण तासगावच्या माणसाला यंत्र कळतं हो. छोट्या ट्रॅक्टरला उलटण्यापासून वाचवणारी चौकट असते, पट्टा असतो, पुढे बकेट असते जिने ओंडके उचलता येतात, मागे पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा, असतो. आणि हवा असेल तर महिंद्राही मिळतो, ते 1994 पासून अमेरिकेत ट्रॅक्टर विकतायत, आबा खूश होतील. पण 12 हजारांत नवा ट्रॅक्टर आणि लोडर बसवणं अवघड, आणि वसंतात तुमच्या ओल्या जमिनीवर तो खोल चाकोऱ्या पाडेल. मधला मार्ग म्हणजे छोटी साइड-बाय-साइड. होंडाच्या पायोनियर 520 मध्ये फोरमनचंच 518 सीसी इंजिन आहे, रुंदी फक्त 50 इंच, दोघं शेजारी शेजारी पट्टा लावून बसतात, डोक्यावर चौकट असते, मागे उलटता येणारी छोटी ट्रॉली. किमतीत तुमचं बजेट ताणेल. पण आबांना बागेत फिरवणं हे खरंच रोजचं होणार असेल तर तुमची पाचही मशीन बाद आणि हीच बघा. ते वर्षातून चारदा होणार असेल तर आबांना खुर्ची टाकून व्हरांड्यात बसू द्या आणि एटीव्ही घ्या. हे तुम्हीच ठरवू शकता, मी नाही.

ठीक आहे, एटीव्हीच धरून चालू. माझं नाव: कोडियाक 700, पॉवर स्टिअरिंगवाली. इंजिन ब्रेकिंग, पुढे-मागे करायला सोपा लिव्हर, बेल्टची चांगली व्यवस्था, कंबरेला बरी, आणि 1,322 पौंड तुम्हाला पुरेत. पॉवर स्टिअरिंगवर पैसे वाचवू नका, पुढे बर्फ ढकलायचा प्लाऊ लावला की हँडल जड होतं आणि दोन्ही मनगटांना ते कळतं. बूट-ग्लोव्ह्जच्या परीक्षेत तुम्हाला होंडाची बटणवाली आवडली तर ती घ्या, मी हरकत घेणार नाही, टिकण्याच्या बाबतीत ती कदाचित काकणभर सरसच. पोलारिस कधी? 50 मिनिटांवरचा डीलर सर्व्हिसला रडका निघाला तर. कॅन-अॅम तुमच्या कामाला नको. सुझुकी चांगली आहे पण तिचा डीलर जवळ असल्याचं तुमच्या पत्रात नाही.

बजेटचं नीट बघा, कारण वेबसाइटवरची किंमत म्हणजे सुरुवात असते. त्यावर फ्रेट (मशीन डीलरपर्यंत आणायचं भाडं), सेटअप, कागदपत्रांचे पैसे, पेनसिल्व्हेनियाचा 6 टक्के सेल्स टॅक्स, मग प्लाऊ, मग प्लाऊ वर-खाली करायला विंच (दोरी गुंडाळणारी मोटर), मग ट्रेलर. "सगळं धरून दारात किती" असा एकच आकडा लेखी मागा. विंचला दोरी असेल तर प्लाऊच्या कामासाठी पुढच्या टोकाला छोटा पट्टा लावून घ्या, दिवसभर तेच फूटभर वर-खाली होऊन दोरी तिथेच कुरतडली जाते आणि नेमकी वादळात तुटते. मशीन फक्त स्वतःच्या जमिनीवर चालणार असेल तर राज्याच्या डीसीएनआरकडे (नैसर्गिक साधनसंपत्तीचं खातं) मर्यादित नोंदणीचा पर्याय आहे, डीलरला तोच भरायला सांगा. आणि घराच्या विम्यावाल्याला एक फोन करा, घराच्या पॉलिसीत एटीव्ही किती धरली जाते हे आधीच विचारलेलं बरं.

जुनं घ्यायचा विचार तुम्ही केला नाहीये, पण इतर वाचकांसाठी सांगतो कारण बजेट सहा-सात हजार असलेले बरेच आहेत. मीटरवरचे मैल आणि तास दोन्ही बघा आणि भागाकार करा. 1,000 मैल आणि 200 तास म्हणजे सरासरी पाच मैल, कामाचं मशीन. 2,000 मैल आणि 100 तास म्हणजे सरासरी वीस, कोणीतरी ट्रेलवर दामटलेली. पाच वालं घ्या, पण बर्फ ढकललेलं असेल तर पुढचा फ्रेम जिथे प्लाऊ बसतो तिथे तडा आहे का बघा. तुम्ही पोचायच्या आधीच मालकाने इंजिन गरम करून ठेवलं असेल तर कारण विचारा, थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू झालं पाहिजे. एअरबॉक्समध्ये चिखलाची रेघ म्हणजे मशीन पाण्यात गेलं होतं. ऑइल दुधाळ दिसलं तर पुढे काही बघू नका, चहा झाला असेल तर पिऊन घरी जा. चाकं धरून वर-खाली, आडवी हलवा, खडखडाट आला की बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, त्याचे पैसे किमतीतून वजा. आणि चासी नंबरवरून रिकॉल बाकी आहे का हे त्या ब्रँडचा कोणताही डीलर फोनवर सांगतो.

नवं आणलंत तर पहिली सर्व्हिस टाळू नका, साधारण पहिल्या वीसेक तासांत येते, नेमकं मॅन्युअलमध्ये बघा. नव्या इंजिनातला धातूचा बारीक चुरा त्याच ऑइलमध्ये असतो. ऑक्टोबरमध्ये घेतलंत तर ही सर्व्हिस बरोबर जानेवारीच्या बर्फात येईल आणि तेव्हा सगळ्यांचीच गर्दी असते, म्हणून शक्य असेल तर ऑगस्टमध्येच घ्या आणि वीस तास लाकडात संपवा.